अठ्ठावीस किलो : कंबर धरल्यावर वजन उचलायला शिकताना

मी खानदेशात, अमळनेरला राहते. वय ४४, वजन ५८ किलो. अकरा वर्षांपासून घरी बिबडे (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड आणि कुरडया करून विकते. २१ एप्रिल २०२४ ला बिबड्यांच्या घाट्याचं (शिजवलेल्या ज्वारीच्या पिठाचं) पातेलं चुलीवरून उतरवताना कमरेत लचक भरली. त्यातून पुढे मी जिममध्ये जाऊन वजन उचलायला लागले. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर तारखा टाकून लिहीत गेले, त्याच नोंदी इथे देते आहे. कंबर धरलेली आणि जिमच्या दारातून परत फिरणारी कुणी बाई असेल, तर माझे वाया गेलेले दिवस तिचे तरी जाऊ नयेत.

१० मे, शुक्रवार. आखाजी (अक्षय तृतीया)

आज माहेरी. अंगणातल्या निंबाला झोका बांधलाय, बहिणी, भाच्या सगळ्या झोक्यावर. मी ओट्यावर पट्टा बांधून बसले. पट्ट्याचे ६५० रुपये गेले. पहिले बारा दिवस मी पडूनच काढले. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाही, ज्या बायका बघायला आल्या त्या सगळ्याच "हलू नको" म्हणाल्या आणि मलाही तेच बरं वाटलं. बाराव्या दिवशी उठले तेव्हा दुखणं पहिल्यापेक्षा कमी होतं, पण पाठ लाकडासारखी झाली होती.

दुपारी हातातून चमचा पडला. मी भाचीला हाक मारली, तिने येऊन उचलून दिला. ती आठ वर्षांची आहे. रात्री झोप लागली नाही, तो चमचाच डोळ्यांपुढे येत होता. सोमवारी डॉक्टरांकडे जायचं ठरवलं.

१३ मे, सोमवार

हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. तपासणी ४०० रुपये. त्यांनी आधी प्रश्न विचारले. कळ गुडघ्याच्या खाली पायात उतरते का? पायाला मुंग्या, बधिरपणा आहे का? चालताना पाऊल घसटतं का? लघवी-संडासचं भान सुटतं का? बसायच्या जागी, मांड्यांच्या आत बधिर वाटतं का? ताप येतो का, वजन उतरलंय का? माझं सगळ्याला 'नाही' होतं. मग पाय सरळ वर उचलून पाहिले, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावलं. स्नायू ताणलाय, फोटो काढायची गरज नाही म्हणाले.

यातल्या एका जरी प्रश्नाला ज्यांचं उत्तर 'हो' असेल, त्यांनी माझ्या या नोंदी वाचून काही करू नये. आधी दवाखाना. लघवीचं भान सुटत असेल किंवा बसायच्या जागी बधिरपणा असेल तर त्याच दिवशी.

पडून राहिल्याने आखडलंय, चाला, पट्टा हळूहळू सोडा, असं सांगितलं आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी दिली.

७ जून, शुक्रवार

फिजिओच्या सहा बैठका झाल्या. प्रत्येकी ३००, म्हणजे १८००. माझ्या सगळ्या खर्चात सार्थकी लागलेला हाच.

चालण्यापासून सुरुवात केली. दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं. इथलं ऊन माहीत असेलच, मे महिन्यात पारा ४३-४४ पर्यंत जातो. सकाळी सहाला, रात्री नऊला, आणि दुपारचं चालणं घरातच ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुढे उताणं झोपून गुडघे मोडून कंबर उचलणं, आणि ओणवं होऊन एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय सरळ करणं. तिसऱ्या बैठकीला काठी.

काठीबद्दल नीट लिहिते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. झाडूचा दांडा पाठीवर उभा धरायचा. एक हात मानेमागे, एक कमरेमागे. दांडा तीन ठिकाणी टेकला पाहिजे: डोक्याच्या मागे, दोन पाखांच्या (खांद्याच्या फऱ्यांच्या) मध्ये आणि माकडहाडावर. तिन्ही ठिकाणं न सोडता वाकायचं. मी वाकले की दांडा लगेच माकडहाडावरून सुटायचा, कारण मी आयुष्यभर कमरेतून वाकत आले. केर काढताना, भांडी घासताना, चुलीपुढे, सगळीकडे कमान करून. मॅडम म्हणाल्या, "ताई, कंबर वाकवू नका, खुब्यातून मोडा. बूड मागे जाऊ द्या." मग भिंतीकडे पाठ करून पाऊलभर अंतरावर उभं केलं आणि बुडाने भिंतीला टेकायला सांगितलं. तसं केलं आणि पहिल्यांदा मांडीच्या मागच्या शिरा ताणल्या गेल्या, कंबर गप्प राहिली. हे जमायला मला नऊ दिवस लागले. रोज वीस-वीस वेळा.

मॅडमनी दुखण्याचं मापही दिलं. शून्य ते दहा. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते पहिल्यासारखं झालं पाहिजे. चार झालं, किंवा सकाळीही उरलं, तर पुढच्या वेळी वजन कमी.

शेवटच्या दिवशी विचारलं, "आता मी जड उचलायचं सोडून देऊ का?" त्या म्हणाल्या, "तुमचा धंदाच उचलण्याचा आहे. सोडू नका, शिका."

८ जून, शनिवार

जिमच्या दारापर्यंत गेले. आतून लोखंड आपटल्याचा आवाज आला, परत आले.

१० जून, सोमवार

आज मुलीला सोबत नेलं. ती बारावीला आहे. फी महिन्याला ६००. बायकांची वेळ अकरा ते एक, पण वर पत्रा आहे, त्या वेळी आत भट्टी असते. सकाळी सहाची वेळ मागितली. पुरुषांचीच आहे, तरी मागितली. कुणी काही बोललं नाही. मला वाटलं होतं सगळे बघत बसतील. सगळे आरशात आपापलंच बघत होते.

शिकवणारा मुलगा चोविसेक वर्षांचा असेल. मी त्याला भाऊ म्हणते, तो मला काकू. कंबरेचं सांगितलं, फिजिओचा कागद दाखवला. त्याने तो नीट वाचला, हे मला आवडलं. पहिला दिवस: बाकावर बसून उठणं ३ वेळा १० (दहा-दहाच्या तीन फेऱ्या). पाच किलोचा डंबेल स्टुलावर उभा ठेवून, खुब्यातून मोडून उचलणं ३ वेळा ८. दोन-दोन किलोचे डंबेल डोक्यावर, ३ वेळा ८. पंचवीस मिनिटांत आटोपलं.

घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "कसाले जास व तठे?" (कशाला जातेस गं तिथे?) मी चमचा खाली टाकला आणि उचलून दाखवला.

१९ जून, बुधवार

दोन दिवस मांड्या इतक्या दुखल्या की जिना उतरवेना. मी घाबरले, फिजिओ मॅडमना फोन केला. स्नायूचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असतं, दोन्ही बाजूंना सारखं असतं, दाबलं की कळतं, आणि चाललं की मोकळं होतं. लचकेचं दुखणं एका जागी, टोचल्यासारखं असतं. हा फरक कळला तेव्हा निम्मी भीती गेली.

आठवड्यातून तीन दिवस ठरवले: सोम, बुध, शुक्र. रॉड (दोन्ही टोकांना प्लेटा, म्हणजे वजनाच्या चकत्या, लावायची लोखंडी दांडी) आजपासून हातात. भाऊ म्हणाला रिकामा रॉड १० किलोचा. जमिनीवरून नाही, बाकावर ठेवून.

जाड, मऊ तळाचे चालायचे बूट घालत होते. त्यात टाच डुलते आणि वजन चवड्यावर जातं. मुलीचे शाळेचे जुने सपाट कॅनव्हास बूट घातले, लगेच फरक पडला. खर्च शून्य. हातमोजे मात्र ३५० रुपयांचे घेतले, त्यांनी रॉड जाड लागतो आणि पकड सुटते. ते पडून आहेत.

२८ जून, शुक्रवार

रॉड आणि दोन्ही बाजूंना पाच-पाचच्या प्लेटा. भाऊच्या हिशेबाने २० किलो. ३ वेळा ८, दुखणं १.

श्वासात चूक करत होते. पूर्ण फेरीभर श्वास कोंडून ठेवायचे, सहाव्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली. आता प्रत्येक वेळी खाली श्वास भरायचा, पोट आजूबाजूने घट्ट करायचं, कुणी पोटात बुक्की मारणार असेल तर करू तसं, आणि वर येऊन सोडायचा. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी श्वास अजिबात कोंडू नये, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. मला रक्तदाब नाही.

३ जुलै, बुधवार

आज पुन्हा कंबर धरली.

घाईघाईत लिहिते आहे, नंतर आठवणार नाही. माझा नेहमीचा बारीक रॉड दुसऱ्या एकाकडे होता. भाऊने कोपऱ्यातला दुसरा दिला. "तोच आहे काकू, थोडा जाड आहे इतकंच." त्याला पाच-पाच लावले. पहिल्यांदा उचलला तेव्हाच जड वाटला. मला वाटलं आज माझ्यातच जोर नाही, रात्री झोप कमी झालीये. दुसऱ्यांदा उचलला. तिसऱ्या वेळी अर्ध्यात कंबर गोल झालेली मला आरशात दिसली, आणि मी सोडला नाही. सोडायला हवा होता. लाज वाटली, आवाज होईल म्हणून. खाली ठेवता ठेवता त्याच जागी, डाव्या बाजूला, टच्च झालं.

घरापर्यंत रिक्षाने आले, ३० रुपये. दुखणं ६. पायात कळ नाही, मुंग्या नाहीत. डॉक्टरांचे सगळे प्रश्न मी स्वतःला परत विचारले.

१४ जुलै, रविवार

या खेपेला पडून राहिले नाही. त्याच संध्याकाळी पाच मिनिटं चालले, दुसऱ्या दिवशी दहा. पट्टा कपाटातच राहिला. पाचव्या दिवशी ३ वर आलं. एप्रिलमध्ये तिथपर्यंत यायला महिना लागला होता. बैठक एकच घेतली, ३००.

सासूबाई रोज सकाळी विचारतात, "आते कसं वाटस?" मी आकडा सांगते. आज २.

पण आजची नोंद वेगळ्या गोष्टीसाठी. पापडाच्या पाकिटांचं वजन करत होते. अर्ध्या किलोचं पाकीट, पाच ग्रॅम इकडेतिकडे झालं तर मी परत उघडते. अकरा वर्षांत कुणाला कमी माल गेला नाही. वजन करता करता मनात आलं, त्या दिवशी चुलीवरून जे पातेलं उतरवलं, त्याचं वजन किती होतं? मला माहीत नव्हतं. कुणी विचारलं की मी 'पंधराएक किलो' सांगत आले.

पातेलं काढलं. जर्मनचं (अ‍ॅल्युमिनियमचं), मोठं, दोन कड्यांचं. रिकामं ३ किलो ९००. आत घाट्याची रेघ अजून दिसत होती. लिटरच्या मापाने त्या रेघेपर्यंत पाणी भरत गेले. चोवीस मापं बसली. म्हणजे अठ्ठावीस किलो, आणि घाटा पाण्यापेक्षा थोडा जडच. माझ्या वजनाच्या जवळजवळ निम्मं, हात लांब करून, वाफ तोंडावर घेत, कमरेतून वाकून, वर चुलीपासून बाजूला वळून. अकरा वर्षं. मी तिथेच खाली बसले. आपण काय उचलतोय ते मी कधी मोजलंच नव्हतं.

२० जुलै, शनिवार

धान्याची पोती लटकवून मोजायचा हुकाचा डिजिटल काटा घेतला, ३८० रुपये. जिममध्ये नेला. भाऊला म्हटलं, मला इथलं सगळं मोजू दे. त्याने रॉड धरायला मदत केली.

बारीक रॉड: ८ किलो ४००. भाऊ १० म्हणायचा.
जाड रॉड: १९ किलो ८००. हा सात फुटी, स्पर्धेच्या मापाचा. पुरुषांच्या स्पर्धेचा रॉड २० किलोचा असतो, बायकांचा १५.
५ लिहिलेल्या प्लेटा: ४ किलो ७००.
१० लिहिलेल्या: ९ किलो ६००.
२.५ लिहिलेल्या: २ किलो ४००.

म्हणजे २८ जूनला मी २० नव्हे, १७ किलो ८०० उचलत होते. आणि ३ जुलैला २९ किलो २००. एका दिवसात जवळजवळ साडेअकरा किलोंची उडी, आणि मी मनात स्वतःलाच दोष देत होते. जवळजवळ ते पातेलंच होतं हे.

भाऊचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "काकू, मला पण तसंच सांगितलं होतं." त्याने स्वतः खडूने प्रत्येक रॉडवर खरं वजन लिहिलं. चार दिवसांत ते पुसलं गेलं, मग मी ऑइलपेंट नेऊन दिला.

माझी हात जोडून विनंती आहे, दुसरं काही करू नका, पण रॉड मोजल्याशिवाय हातात घेऊ नका. लहान गावांतल्या जिममध्ये वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले रॉड असतात, दिसायला सारखे.

२२ जुलै, सोमवार

परत सुरुवात, नुसता बारीक रॉड, ८.४. लाज वाटली नाही, खरंच नाही.

दोन अडचणी. एक, छोट्या प्लेटा लावल्या की रॉड घोट्यापाशी लोळतो. मोठ्या प्लेटांचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे रॉड नडगीच्या मध्यावर येतो. आमच्या हलक्या प्लेटा ताटलीएवढ्या, म्हणून नवख्या माणसालाच सगळ्यात खाली वाकावं लागतं. घरून जेवायचे चार पाट नेले, दोन्हीकडे दोन-दोन. त्यावर प्लेटा टेकवल्या की रॉड गुडघ्याच्या थोडा खाली येतो. आता दांडा पाठीवर धरून जेवढं वाकता येतं, तेवढंच वाकावं लागतं.

दोन, सगळ्यात लहान प्लेट अडीचची, म्हणजे एका पायरीला पाच किलो. आठ किलोवरून तेरावर ही पायरी नव्हे, उडीच. सव्वा किलोच्या प्लेटा मागवतो असं जिमवाले म्हणाले आहेत.

२६ जुलै, शुक्रवार

प्लेटांची वाट बघत बसले नाही. जुन्या जीन्सच्या पायाच्या कापडाच्या चार पिशव्या शिवल्या, त्यात वाळू. दोन एक-एक किलोच्या, दोन अर्ध्या-अर्ध्या किलोच्या, माझ्या दुकानच्या काट्यावर ग्रॅमला ग्रॅम. वर नाडी, ती रॉडला दोनदा गुंडाळून गाठ. पहिल्याच दिवशी एकीची शिवण सुटली आणि वाळू रबरी चटईवर सांडली. जिमच्या मालकांनी ऐकवलं, आणि ते बरोबरच होतं. मी झाडून दिलं. घरी येऊन आत दुधाची प्लॅस्टिक पिशवी घालून दुहेरी शिवण मारली. त्यानंतर गळल्या नाहीत. वाळू धुऊन कडकडीत वाळवून भरा, नाहीतर ओल सुकल्यावर वजन उतरतं. माझं ४० ग्रॅमने उतरलं होतं.

५ ऑगस्ट, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार. उपास केला आणि सकाळी गेले. साबुदाणाही पोटात नव्हता. बसून उठण्याच्या तिसऱ्या फेरीला गरगरलं, भिंत धरली. उपास सोडणार नाही, वार बदलला: मंगळ, गुरू, शनी.

खाण्याचंही इथेच लिहिते. २२०० रुपयांचा प्रोटीन पावडरचा डबा कुणाच्या तरी सांगण्यावरून घेतला होता, पोट बिघडलं, तो मुलाच्या मित्राला देऊन टाकला. आता दोन्ही वेळा वरण जास्त, उडदाची डाळ, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. जोर कमी पडला असं एकदाही वाटलं नाही.

११ ऑगस्ट, रविवार. कानबाई

आज कानबाई, आमची खानदेशातली श्रावणातली देवी, बसली. घरात वीस-बावीस माणूस, दिवसभर पुरण आणि पोळ्या. पुरणाचा टोप उतरवायची वेळ आली तेव्हा सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, दरवर्षी मीच उतरवते. मी जावेला म्हटलं, "तू ते कडं धर." दोघींनी उतरवला. असं पूर्वी का केलं नाही ते आठवत नाही.

संध्याकाळी कंबर दुखली, पण उचलल्याने नाही, सहा तास एका जागी उभं राहिल्याने. दुखणं ३, सकाळी ०. उद्या विसर्जन. मंगळवारची जिम चुकणार.

१९ सप्टेंबर, गुरुवार

पोळा, गणपती यांत जिमचे पाच दिवस गेले. बाकी नीट.

रॉड २२ वर अडकलाय, तीन आठवडे. वजन वाटतं तेवढं जड नाही, पण हाताची पकड आधी सुटते. भाऊ म्हणाला मनगट आणि रॉडला पट्टे बांधा. मी नाही म्हटलं, पातेल्याला कुठून पट्टे बांधू? फेऱ्यांनंतर दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन चालायला सुरुवात केली, अंगणाच्या टोकापासून टोकापर्यंत, चार खेपा. एकेक बादली १० किलोची, मोजून.

मुलीने वेटलिफ्टर मीराबाई चानूचा टोकियो ऑलिम्पिकचा व्हिडिओ दाखवला. २०२१ मध्ये रौप्यपदक, ४९ किलो गट, स्नॅच (एका दमात डोक्यावर) ८७ आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) ११५, एकूण २०२ किलो. मी ते तिसऱ्यांदा थांबवून थांबवून पाहिलं. डोक्यावर नेतात तो भाग नाही, तो माझ्या कामाचा नाही. रॉड जमिनीवरून सुटायच्या आधीचा क्षण पाहिला. पाठ फळीसारखी, हात ताठ, रॉड नडगीला चिकटलेला. मी रॉड दोन बोटं पुढे धरत होते. शनिवारी नडगीला घासून उचलला, २२ हलका गेला. नडगीला ओरखडे आले, आता सलवार खाली सरळ ओढून घेते.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

सकाळी शस्त्रपूजा म्हणून भाऊने रॉडना झेंडू वाहिला होता. मी विचारून एक माळ बाजूला केली.

बारीक रॉड, दोन्हीकडे दहाच्या प्लेटा, वर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या. २८ किलो ६००.

गेल्या आठवड्यात २६ पर्यंत आले होते, त्यामुळे उडी नव्हती. तरी हात घामाने भिजले. पाटांपुढे उभी राहिले तर नाकात ज्वारीच्या घाट्याचा वास आला, तिळाचा, लसणाचा. जिममध्ये तसलं काहीच नव्हतं. बूड मागे. हात ताठ. पोट घट्ट. मी जमीन पायांनी ढकलली आणि रॉड वर आला. कमरेत काही नव्हतं, नुसत्या मांड्या आणि पकड. पाच वेळा. शेवटी खाली ठेवताना घाई केली नाही, कारण माझं दोन्ही वेळा ठेवतानाच बिघडलं होतं.

दुखणं ०. रविवारी सकाळीही ०.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "आता पातेलं तू एकटी उतरवशील." मी नाही म्हटलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीत तीन आठवडे खंड. फराळाच्या ऑर्डरी होत्या. परत आले तेव्हा आधीच्या वजनावर गेले नाही, २२ पासून धरलं. दोन आठवड्यांत परत तिथे येईन असं भाऊ म्हणतो.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

पाट चारवरून दोनवर. म्हणजे आता थोडं खालून. ३४ किलो, ३ वेळा ५.

सिलेंडर आला. त्यावर त्याचं रिकामं वजन लिहिलेलं असतं, आमचं १५ किलो ८००, आत गॅस १४ किलो २००. बरोबर तीस. देणारा मुलगा दारात ठेवून गेला, मी उचलून आत ठेवला. रॉडसारखा जात नाही, दोन पायांच्या मध्ये घ्यावा लागतो, आणि अंगाला चिकटवून. एरवी मी तो तिरका करून लोळवत न्यायचे.

आतापर्यंतचा खर्च मांडला. डॉक्टर ४००, फिजिओ २१००, जिम आठ महिन्यांचे ४८००, काटा ३८०. हे उपयोगी. पट्टा ६५०, हातमोजे ३५०, पावडर २२००, हे वाया. आणि मे-जूनमधल्या बिबड्यांच्या ऑर्डरी गेल्या, त्या याहून जास्तीच्या होत्या.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

या मोसमातले पहिले बिबडे.

ज्वारी तीन दिवस भिजवलेली, काल दळून आणली. चूल या वेळी नवीन मांडली, विटांचा एक थर जास्त, म्हणजे पातेल्याच्या कड्या गुडघ्याच्या वर, मांडीच्या मध्याला येतात. पाट शिकवून गेले ते. बाजूला वळावं लागू नये म्हणून पातेलं ठेवायची पाटीही चुलीसमोर, पाऊलभर मागे.

घाटा एका पातेल्यात न करता दोन पातेल्यांत केला. जळण जास्त लागलं, वेळ पाऊण तास जास्त. मजुरीच्या बाईने विचारलं, एवढा व्याप कशाला. तिला काटा दाखवला.

पहिलं पातेलं, १५ किलो ६००. फडकी हाताला गुंडाळली, कड्या धरल्या. वाफ तोंडावर आली तशी मान मागे घ्यावीशी वाटली, घेतली नाही. बूड मागे, पोट घट्ट. उचललं, एक पाऊल मागे, ठेवलं. सासूबाई ओसरीवरून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत. साडीवर पाणी मारून त्यांनीच पहिला बिबडा थापला.

दुसऱ्याखाली जाळ अजून चालू आहे, तीळ टाकायचे राहिलेत.